नंबर सरकारचा, नाव पोरांचं: युक्रेनच्या 'दा विंचीच्या लांडग्यां'ची गोष्ट सोप्या भाषेत

युक्रेन युद्धाच्या बातम्या वाचताना माणूस सगळ्यात जास्त कुठे अडखळत असेल तर तो तुकड्यांच्या नावांपाशी. ५९ वी ब्रिगेड, ६७ वी ब्रिगेड, १०८ वी बटालियन, मध्येच आयदार, मध्येच अझोव्ह, मध्येच कुणीतरी लांडगे, आणि ही सरकारी फौज आहे का कुठल्या पक्षाची पोरं आहेत का भाडोत्री लोक आहेत काहीच कळत नाही, मग आपण नाव सोडून देतो आणि नुसतं गाव वाचून पुढे जातो. पण माझं म्हणणं असं की ती नावंच नीट वाचायला हवीत, कारण २०१४ पासून युक्रेनच्या सैन्याचं काय काय झालं ते सगळं त्या नावांमध्ये आहे. म्हणून इथे एकच बटालियन घेतो, 'दा विंचीचे लांडगे', आणि तिच्यावरून बाकीचं सांगतो.

हीच का? तर ही तुकडी सुरुवातीला कायद्याच्या हिशोबाने अस्तित्वातच नव्हती. सरकारी यादीत नाव नाही, पगार नाही, मेलात तर पेन्शन नाही. आणि नऊ वर्षांनी तिच्या कमांडरच्या अंत्यसंस्काराला देशाचे राष्ट्राध्यक्ष, सेनाप्रमुख आणि फिनलंडच्या पंतप्रधान हजर होत्या. हे मधल्या काळात कसं घडलं ते समजलं की बाकीच्या निम्म्या बातम्या आपोआप समजायला लागतात.

आधी थोडं गणित उरकून घेऊ. बटालियन म्हणजे आपली पलटण. युक्रेनमध्ये यांत्रिक पायदळाच्या बटालियनमध्ये साधारण चार-पाचशे माणसं धरतात, त्यात तीन लढाऊ कंपन्या, मॉर्टरवाले, टेहळणीवाले, डॉक्टर-मेडिक, गाड्या दुरुस्त करणारे, आणि आता ड्रोनवाले. यांत्रिक म्हणजे सैनिक चिलखती गाडीत बसून पुढे जातात आणि उतरून पायी लढतात, पण प्रत्यक्षात गेली काही वर्षं बराचसा प्रवास साध्या पिकअप गाडीतून आणि शेवटचे काही किलोमीटर पायीच होतो कारण चिलखती गाडी वरून ड्रोनला लगेच दिसते. अशा काही बटालियन मिळून ब्रिगेड. आणि काही बटालियन 'स्वतंत्र' असतात, म्हणजे त्यांचा स्वतःचा स्टाफ, स्वतःचा पुरवठा, स्वतःचा शिक्का, आणि त्यांना आज या ब्रिगेडला जोडतात, उद्या त्या.

इथे आपल्याकडच्या वाचकाला एक फरक लक्षात ठेवावा लागेल. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचं बघा, पहिली पलटण, जंगी पलटण, १७६८ साली उभी राहिली, माणूस एकदा रेजिमेंटमध्ये आला की बहुतेक सगळी नोकरी तिथेच, 'बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही युद्धघोषणा आजोबाने दिली तीच नातू देतो. परंपरा आधीपासून आहे आणि माणूस तिच्यात येतो. युक्रेनमध्ये २०१४ साली असं काही शिल्लकच नव्हतं. जे होतं ते सोव्हिएत होतं, म्हणजे तुकड्यांच्या नावात सोव्हिएत सन्मान, रेड आर्मीने जिंकलेली शहरं, आणि देशरक्षकांचा दिवस २३ फेब्रुवारी, तोही रेड आर्मीचाच. आता ज्या देशाच्या विरोधात लढायचं त्याच देशाबरोबरच्या सामायिक आठवणी छातीवर लावून लढायचं, हे किती दिवस चालणार?

मग ते हळूहळू बदललं. २०१४ मध्ये सुट्टीचा दिवस १४ ऑक्टोबर झाला (२०२३ मध्ये तो १ ऑक्टोबरला आणला), २०१५ मध्ये तुकड्यांच्या नावातले सोव्हिएत सन्मान काढले, २०१७ मध्ये ७२ व्या ब्रिगेडला 'काळे झापोरोझियन' हे जुन्या युक्रेनियन घोडदळाचं नाव मिळालं, पुढच्या वर्षी ९३ व्या ब्रिगेडला 'खोलोद्नी यार' हे जुन्या बंडखोरांच्या जंगलाचं नाव, आणि २०१८ पासूनच 'युक्रेनचा गौरव असो' आणि त्याला 'वीरांचा गौरव असो' हे उत्तर, हा सैन्याचा अधिकृत नमस्कार झाला. हे सगळं वरून, सरकारी आदेशाने. पण खालून, चिखलातून, वेगळंच काहीतरी तयार होत होतं आणि लांडग्यांची गोष्ट त्या खालच्या बाजूची आहे.

२०१४ चा मार्च डोळ्यासमोर आणा. कीवमधल्या मैदान चौकातलं आंदोलन संपून काहीच दिवस झालेत, शंभराच्या वर आंदोलक मारले गेलेत, राष्ट्राध्यक्ष पळून गेलेत, रशियाने क्रायमिया घेतलाय, आणि संरक्षणमंत्री संसदेत उभं राहून सांगतात की ४१ हजारांच्या भूदलापैकी लढायला तयार असे फक्त ६ हजार आहेत. एवढ्या मोठ्या देशाला ६ हजार. एप्रिलमध्ये पूर्वेला डोन्बासमध्ये शहरं हातातून जायला लागली तेव्हा ज्यांच्याकडे काही नव्हतं तेच लोक निघाले. मैदानात आंदोलकांनी स्वसंरक्षणासाठी कोसॅकांच्या, म्हणजे तिकडच्या जुन्या लढवय्या टोळ्यांच्या, पद्धतीने 'शंभरां'च्या टोळ्या केल्या होत्या, सोत्न्या म्हणतात, त्यातलीच बरीच पोरं तशीच्या तशी आघाडीवर गेली.

त्यांच्यासाठी चार दरवाजे होते. संरक्षण खात्याच्या प्रादेशिक बटालियन, गृहखात्याच्या पोलीस बटालियन, नॅशनल गार्डच्या बटालियन, आणि चौथा दरवाजा म्हणजे कुठल्याच खात्याचा नाही, नुसते स्वयंसेवक. हा चौथा प्रकार मुख्यतः 'उजवा सेक्टर' या संघटनेचा, दिमित्रो यारोश तिचे नेते, आणि तिच्या लढाऊ शाखेचं नाव स्वयंसेवी युक्रेनियन कोअर.

या संघटनेबद्दल स्पष्टच बोलायला हवं. ही कट्टर राष्ट्रवादी, उजवी संघटना. लाल-काळा झेंडा दुसऱ्या महायुद्धातल्या युक्रेनियन बंडखोर सैन्याचा वारसा सांगतो, आणि त्याच सैन्याने १९४३ मध्ये व्होल्हिनियात पोलिश नागरिकांची कत्तल केली, त्यामुळे पोलंडमध्ये आजही तो झेंडा बघून लोकांच्या अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. रशियाच्या टीव्हीने याच संघटनेचं नाव घेऊन सगळा युक्रेन फॅसिस्ट आहे असं जगाला सांगितलं. पण मतपेटीत काय झालं तेही बघा: मे २०१४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत यारोशना ०.७ टक्के मतं, ऑक्टोबरच्या संसदीय निवडणुकीत पक्षाला १.८ टक्के. म्हणजे लोकांनी त्यांच्या बंदुकीला मान दिला, राजकारणाला नाही, आणि हा फरक युक्रेनच्या लोकांना व्यवस्थित कळत होता.

तर या कोअरमध्ये अठरा वर्षांचा एक पोरगा आला. दिमित्रो कोत्स्युबाइलो, जन्म १ नोव्हेंबर १९९५, इवानो-फ्रँकिव्स्क भागातल्या झाद्निस्त्र्यान्स्के नावाच्या खेड्यातला, म्हणजे देशाच्या अगदी पश्चिमेचा, डोन्बासपासून हजारेक किलोमीटर लांबचा. चित्रकला शिकलेला, आर्ट स्कूलचा विद्यार्थी, म्हणून रेडिओवरचं टोपणनाव पडलं 'दा विंची'.

टोपणनावाची ही पद्धत नीट समजून घ्या कारण पुढची सगळी परंपरा तिथून निघते. युक्रेनमध्ये प्रत्येक सैनिकाला असं एक नाव असतं, मूळ कारण साधंच, रेडिओवर शत्रू ऐकत असतो आणि खरं नाव कळलं तर घरच्यांना त्रास. पण स्वयंसेवकांच्या बाबतीत त्याला आणखी एक अर्थ आला. ज्याच्याकडे रँक नाही, सर्व्हिस नंबर नाही, ओळखपत्र नाही, त्याच्याकडे टोपणनाव हीच एक गोष्ट होती. सोबतच्या माणसाचं खरं नाव अंत्यविधीच्या दिवशीच कळलं असं तिकडे कितीतरी जण सांगतात.

पिस्की हे डोनेत्स्क विमानतळाला लागून असलेलं गाव. विमानतळाची लढाई मे २०१४ ते जानेवारी २०१५, २४२ दिवस चालली, आणि आत टर्मिनलमध्ये असलेल्यांना रसद जायची ती पिस्कीतून. उजव्या सेक्टरचे स्वयंसेवक तिथे होते. सैन्याबरोबर, सैन्याच्या शेजारी, पण सैन्यात नाही. शस्त्रं कुठून? काही जिंकलेली, काही शेजारच्या ब्रिगेडच्या कमांडरने डोळेझाक करून दिलेली. बाकी सगळं, म्हणजे बूट, मोजे, थर्मल दुर्बीण, औषधं, परदेशातून आणलेल्या जुन्या पिकअप गाड्या, हे सगळं लोकवर्गणीतून, कुठल्या तरी शाळेतल्या बाई, कुठल्या तरी निवृत्त इंजिनियरने पैसे गोळा करून पाठवलेलं. ही वर्गणीची सवय तिकडे आजही टिकून आहे आणि माझ्या मते युक्रेनच्या फौजेची सगळ्यात मोठी परंपरा हीच आहे, घोषणा-बिल्ले नंतर.

पिस्कीतच २०१४ मध्ये रणगाड्याच्या गोळ्याचा तुकडा लागून दा विंची गंभीर जखमी झाला, तीनेक महिने उपचार घेतले आणि परत आला. मार्च २०१६ मध्ये कोअरच्या पहिल्या धडक कंपनीचा कमांडर झाला. वय वीस. आपल्याकडे या वयात पोरं टीवायची परीक्षा देतात.

आता या काळात सरकारशी संबंध कसे होते तर वाईट. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने आयदार या स्वयंसेवकांच्या बटालियनच्या लोकांनी केलेल्या अपहरण आणि मारहाणीचा अहवाल दिला, जुलै २०१५ मध्ये मुकाचेवो शहरात उजव्या सेक्टरच्या लोकांची गोळीबारापर्यंत भानगड गेली, आणि सरकारला वाटायला लागलं की बंदुका घेतलेल्या या पोरांना आता शिस्तीत आणलंच पाहिजे. सरकारचं चूक नव्हतं. ज्या देशात कुणीही बंदूक घेऊन आपली तुकडी काढू शकतो तो देश फार दिवस टिकत नाही. २०१५ च्या वसंतापासून सांगणं सुरू झालं, एकतर करार करून सैन्यात या नाहीतर आघाडी सोडा. बहुतेक बटालियन आत गेल्या. आयदार गेली, दोन्बास आणि अझोव्ह तर आधीच नॅशनल गार्डमध्ये होत्या. दा विंचीची पोरं मात्र बाहेरच राहिली. आवदीइव्हका, मारिंका, नंतर मारियुपोलजवळची गावं, जिथे एखादा ब्रिगेड कमांडर म्हणायचा या, मला माणसं कमी आहेत, तिथे ती जायची. कागदावर तिथे कुणीच नाही आणि खंदकात चाळीस जण बसलेत, असा प्रकार. अशा स्वयंसेवकांना लढवय्याचा अधिकृत दर्जा मिळण्याचा कायदा व्हायला २०१९ चा शेवट उजाडला, म्हणजे पाच वर्षं एखाद्याचा पाय गेला तर तो कायद्याने कुठेतरी अपघातात गेलेला.

'लांडगे' हे नाव याच वर्षांत चिकटलं. दा विंचीने तळावर खरोखरचा लांडगा पाळलेला होता. पण लांडग्याची मुळं तिकडे खोल आहेत. झापोरोझियन कोसॅकांच्या दंतकथांमध्ये 'खाराक्तेर्निक' नावाचे मांत्रिक योद्धे असायचे, ज्यांना गोळी लागत नाही आणि जे हवं तेव्हा लांडगा होतात. युक्रेनच्या स्पेशल फोर्सच्या चिन्हावरही लांडगाच आहे. म्हणजे पोरांनी काहीतरी फॅन्सी म्हणून उचललं असं नाही, आजीच्या गोष्टीतलं जनावर बिल्ल्यावर आलं.

बिल्ल्याचं सांगतो. युक्रेनियन सैनिकाच्या दंडावर वेल्क्रोने चिकटणारा शेव्रॉन असतो, तुकडीचं चिन्ह. सरकारी चिन्ह एक असतं, आणि त्याशिवाय कंपनीचं, ड्रोनवाल्यांचं, मेडिकचं, कधी मेलेल्या मित्राच्या टोपणनावाचं वेगळं असतं, हे पोरं स्वतः डिझाईन करून शिवून घेतात. शेव्रॉन भेट देणं ही तिकडे मोठी गोष्ट. जखमीला वाचवणाऱ्या डॉक्टरला देतात, गाडी पाठवणाऱ्या वर्गणीदाराला देतात, कितीतरी ऑफिसं, कॅफे, दवाखाने यांच्या भिंतीवर असे ओळीने लावलेले दिसतात. एखादी तुकडी कायदेशीर नसताना तिचं अस्तित्व या कापडाच्या तुकड्यावर उभं असतं, म्हणून त्याला एवढी किंमत.

डिसेंबर २०२१. सीमेवर रशियाची फौज जमा होत होती. १ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींनी संसदेत दा विंचीला 'युक्रेनचा वीर' हा किताब आणि सुवर्णतारा दिला. देशातला सर्वोच्च सन्मान. जिवंतपणी हा मिळवणारा तो पहिला स्वयंसेवक. ज्या माणसाकडे सैन्याचा करार नाही त्याला देशाचा सर्वोच्च सन्मान, आणि तोही अशा राष्ट्राध्यक्षाकडून ज्यांच्या शांततेच्या धोरणावर या पोरांनी कडक टीका केलेली. मला यात दोघांचाही मोठेपणा दिसतो.

२४ फेब्रुवारी २०२२ ला सगळंच बदललं. आपल्याकडून शिकायला गेलेली मुलं, त्यात मराठी मुलंही बरीच होती, खार्किवच्या मेट्रो स्टेशनात आणि तळघरात अडकली ते दिवस आपल्या लक्षात असतील. त्याच दिवसांत दा विंचीची कंपनी वाढून बटालियन झाली आणि शेवटी कागदावर आली, पहिली स्वतंत्र यांत्रिक बटालियन, युक्रेनच्या सशस्त्र दलात, करार, पगार, नंबर सगळ्यासकट. दा विंची तेव्हा सव्वीस वर्षांचा, देशातला सर्वात तरुण बटालियन कमांडर. रँक होती ज्युनिअर लेफ्टनंट. आपल्याकडे पलटणीचा प्रमुख कर्नल असतो, पंधरा-वीस वर्षं सर्व्हिस झालेला, त्यावरून अंदाज करा. पण त्या पोरांना रँकशी काही देणंघेणं नव्हतं, त्याच्या मागे सहा वर्षं जाऊन ते परत आलेले होते, एवढं त्यांना पुरेसं होतं. २०२२ च्या शेवटी या कोअरमधून आलेल्या लोकांची ६७ वी ब्रिगेड उभी राहिली.

ती वर्षं कशी गेली ते लढायांच्या यादीवरून कळणार नाही, जखमी माणूस बाहेर कसा काढतात त्यावरून कळेल. बटालियनची मेडिकल सर्व्हिस 'उल्फ' नावाने ओळखली जाते, तिची प्रमुख अलिना मिखाइलोवा, कीव महापालिकेची नगरसेविका आणि दा विंचीची जोडीदार. समजा पहाटे एकाच्या मांडीला तुकडा लागला. पहिल्या दोन-तीन मिनिटांत त्याने स्वतः किंवा शेजारच्याने मांडीच्या वरच्या बाजूला टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, आवळायचा आणि वेळ लिहायची, पट्ट्यावर, कपाळावर, मिळेल तिथे. रेडिओवर जातं 'तीनशे'. तीनशे म्हणजे जखमी, दोनशे म्हणजे मेलेला, सोव्हिएत काळापासून चालत आलेले आकडे, हे मात्र कुणी बदललेले नाहीत. आता दोन तास झाले की पट्ट्याखालच्या पायाला धोका वाढत जातो, पण वर ड्रोन आहे म्हणून गाडी येऊ शकत नाही, उजेड आहे म्हणून माणसंही उचलून नेऊ शकत नाहीत, मग संध्याकाळच्या अंधुक उजेडाची वाट बघायची, त्या अर्ध्या तासात दिवसाचा ड्रोन परत जातो आणि रात्रीचा अजून उडालेला नसतो. चौघांनी स्ट्रेचरवर किलोमीटर-दोन किलोमीटर, मग पिकअपमध्ये, दिवे बंद ठेवून, मग तळघरातल्या स्टॅब पॉइंटवर, जिथे डॉक्टर पट्टा तपासतात, रक्त देतात, शरीर गरम करतात, आणि मग हॉस्पिटल. हे करणाऱ्यांत मुली बऱ्याच आहेत. यारोशच्या त्याच कोअरमधून याना झिंकेविच यांनी २०१४ मध्ये 'हॉस्पिटलर्स' ही स्वयंसेवी मेडिक बटालियन सुरू केली होती, त्यामुळे सगळ्यात पुढे मेडिक असणं ही या लोकांची जुनी शिस्त.

२०२३ च्या सुरुवातीला बाखमुत. युद्धाआधी सत्तर हजारांच्या आसपास वस्तीचं, मिठाच्या खाणी आणि शॅम्पेनसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. रशियाच्या वाग्नर या भाडोत्री फौजेने तुरुंगातले कैदी लाटांमागून लाटा पाठवून तीन बाजूंनी वेढत आणलेलं, मार्चपर्यंत आत-बाहेर करायला पश्चिमेकडचे चिखलाचे रस्तेच उरले, आणि ते रस्ते टिकवायचे म्हणजे बाजूची शेतं आणि झाडांच्या रांगा टिकवायच्या. ७ मार्चला दा विंची बाखमुतजवळच्या लढाईत मारला गेला. वय सत्तावीस. झेलेन्स्कींनी त्याच रात्रीच्या भाषणात देशाला सांगितलं.

१० मार्चला कीवमध्ये सेंट मायकेल मठात अंत्यविधी झाला. झेलेन्स्की, सेनाप्रमुख झालुझ्नी, फिनलंडच्या पंतप्रधान सान्ना मरीन. बाहेर हजारो लोक. मठापासून मैदान चौक चालत दहा मिनिटं, ज्या चौकात तो अठराव्या वर्षी आंदोलक म्हणून उभा होता त्याच चौकात त्याला निरोप दिला, आणि नीपर नदीवरच्या आस्कोल्डच्या टेकडीवर, जिथे १९१८ साली क्रुतीच्या लढाईत मेलेले विद्यार्थी सैनिक पुरले होते, तिथे दफन केलं.

निरोपाची पद्धत आता सगळ्या देशात एकसारखी झालीय. गाडी शहरात येते तेव्हा लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यावर बसतात, बाजारातला भाजीवाला, बसचा ड्रायव्हर, शाळेतून येणारी पोरं, सगळे. कुणी शिकवलं नाही, गावागावात आपोआप सुरू झालं. मेलेल्याबद्दल 'ढालीवरून परत आला' असं म्हणतात, स्पार्टाच्या जुन्या गोष्टीवरून. रोज सकाळी ९ वाजता देशभर एक मिनिट शांतता, हा झेलेन्स्कींचा १६ मार्च २०२२ चा आदेश, पण तो कागदावरून रस्त्यावर आणायला हॉस्पिटलर्सच्या इरिना त्सिबुखा या मेडिकने फार धडपड केली. मे २०२४ मध्ये ती स्वतः आघाडीवर मारली गेली. आता कीवमध्ये ९ वाजता सिग्नलवर गाड्या थांबतात, ड्रायव्हर उतरून उभे राहतात. सगळेच थांबतात असं नाही, त्यावरून भांडणंही होतात, पण ज्या घरातलं कुणी गेलंय त्या घराला त्या थांबलेल्या गाड्या दिसतात.

आता कडू भाग. कमांडर गेल्यावर नावाचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक तुकडीला पडतो. एप्रिल २०२४ मध्ये बाखमुतच्या पश्चिमेला चासिव यार गावाजवळ ६७ व्या ब्रिगेडची स्थिती बिघडली, जागा गेल्या, आणि चौकशी होऊन कमांड बदलली, ब्रिगेड आघाडीवरून काढली, जुन्या उजव्या सेक्टरवाल्या लोकांना दुसऱ्या तुकड्यांत विखुरलं. युक्रेनियन पत्रकारांनीच लिहिलं की आत 'आपले' आणि 'नवे' असे दोन वर्ग पडले होते, जुने स्वयंसेवक एका बाजूला आणि सक्तीच्या भरतीतून आलेले दुसऱ्या बाजूला, आणि नव्यांना वाईट ठिकाणी पाठवलं जातं अशी तक्रार होती. जुन्यांची बाजू वेगळी होती, त्यांच्या मते माणसं आणि दारूगोळा नसताना खापर त्यांच्यावर फोडलं. कुणाचं किती खरं ते युद्ध संपल्यावर बाहेर येईल. पण यातून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: ज्या नावाने चाळीस माणसांना कायदा नसताना एकत्र धरलं, तेच नाव दोन हजार माणसांच्या ब्रिगेडमध्ये कुंपण होऊ शकतं. पहिल्या दिवसापासून असलेला आणि काल रस्त्यावरून उचलून आणलेला, दोघांनाही त्याच खंदकात बसायचंय, आणि दुसऱ्याला ती परंपरा आपली वाटली नाही तर त्याच्यासाठी तो नुसता लांडग्याचा बिल्ला आहे.

बहुधा म्हणूनच पुढच्या काळात या तुकड्यांनी भरतीवर सगळा जोर लावला. २०२४ पासून युक्रेनमध्ये भरती केंद्रं आणि नोकरीच्या वेबसाईटवरून माणूस स्वतः तुकडी आणि काम निवडू शकतो, ड्रायव्हर, स्वयंपाकी, ड्रोन पायलट, मेडिक. नाव मोठं असेल तर माणूस स्वतःहून येतो, नाहीतर सरकार पाठवेल तो घ्यावा लागतो. शहरात 'दा विंचीच्या लांडग्यां'चे होर्डिंग लागले ते यासाठीच. आपल्याला ते विचित्र वाटू शकतं, फौजेची एक तुकडी दुसरीशी जाहिरातीत स्पर्धा करते म्हणजे काय, पण नाव बघून आलेल्याला निदान ठाऊक असतं की आपल्यासाठी अँब्युलन्स कोण घेऊन येणार आहे.

२०२५ पर्यंतची स्थिती अशी, आणि बातमी वाचताना गोंधळ होतो तो इथेच. दा विंचीचा वारसा दोन वेगळ्या तुकड्या चालवतात. एक म्हणजे १०८ वी बटालियन, 'दा विंचीचे लांडगे' हे नाव तिच्याकडे, ५९ व्या ब्रिगेडबरोबर डोन्बासमधल्या पोक्रोव्स्क शहराच्या बाजूला लढणारी, कमांडर सेर्ही फिलिमोनोव्ह, जो मैदानाच्या काळापासूनचा कार्यकर्ता आहे आणि मध्ये एका सिनेमात मुख्य भूमिकाही करून आलाय. दुसरी म्हणजे पहिली स्वतंत्र धडक रेजिमेंट, आधी बटालियन होती, तिला अधिकृतपणे 'दिमित्रो कोत्स्युबाइलो' हे नाव दिलंय. म्हणजे टोपणनाव एकीकडे आणि खरं नाव दुसरीकडे. बातमीत 'लांडगे' किंवा 'दा विंची' दिसलं तर बहुतेक वेळा पहिली, 'कोत्स्युबाइलो रेजिमेंट' दिसलं तर दुसरी. आणि २०२३ च्या आधीची एखादी बातमी चाळत असाल आणि त्यात 'उजव्या सेक्टरची पहिली धडक कंपनी' असं लिहिलं असेल, तर ती या दोघींची आई.